सत्याहत्तर चुका कोणाच्या?

जुलै २००० ते एप्रिल २००१ या काळात अमेरिकेतील सहा शहरांमधल्या ५० औषध-दुकानांची एक पाहणी झाली. अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठाच्या एलिझाबेथ फ्लिन, केनेथ बार्कर आणि त्यांचे सहकारी यांनी ती केली व २००३ साली प्रसिद्ध केली. पद्धत साधी होती. दुकानात तयार होऊन ठेवलेले औषध निरीक्षक डॉक्टरांच्या मूळ चिठ्ठीशी ताडून पाही. तिकडे आपल्यासारखी गोळ्यांची पट्टी हातात देत नाहीत. गोळ्या मोजून बाटलीत भरतात आणि रुग्णाचे नाव, औषधाचे नाव व ते कसे घ्यावे याच्या सूचना छापलेली चिठ्ठी त्या बाटलीवर चिकटवतात. त्यामुळे औषध, त्याची मात्रा, गोळ्यांची संख्या, छापलेली सूचना असे सारेच तपासता येते. एकूण ४,४८१ चिठ्ठ्या तपासल्या गेल्या आणि त्यांत ७७ चुका सापडल्या. त्यांपैकी ५ चुका रुग्णाला अपाय करण्याइतक्या गंभीर मानल्या गेल्या.

शंभरात अठ्ठ्याण्णवांहून अधिक अचूक! शालान्त परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण पेढे वाटू. पण हाच आकडा जरा निराळ्या रीतीने मांडून पाहू. दिवसाला २५० चिठ्ठ्यांची औषधे देणाऱ्या दुकानात या हिशेबाने रोज सुमारे ४ चुका होतात. अमेरिकेत त्या काळी वर्षाला सुमारे ३०० कोटी चिठ्ठ्यांची औषधे दिली जात. म्हणजे चुका झाल्या ५ कोटींच्या वर. त्यांतील पंधरातील एक जरी गंभीर धरली तरी संख्या तीस लाखांच्या पुढे जाते.

मग पुढचा प्रश्न ओघानेच येतो. या ७७ चुका कोणाच्या? बाटली भरणाऱ्याच्या, असे उत्तर कोणीही चटकन देईल. त्याने नीट पाहिले नाही, त्याचे लक्ष नव्हते, त्याला समज द्या, दुसऱ्यांदा चुकला तर काढून टाका. हे उत्तर इतके सोपे आहे, की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. ते तपासण्याचे साधन मात्र औषधशास्त्रातून आले नाही. ते आले घोड्यांच्या लाथा, तोफगोळ्यांचे कारखाने आणि टेलिफोनची यंत्रे यांच्या अभ्यासातून. या प्रवासाची हकीकत आम्हांला येथे सांगायची आहे.

सुरुवात १८९८ सालापासून करू. लाडिस्लाउस बॉर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाचे ‘लहान संख्यांचा नियम’ अशा अर्थाच्या नावाचे एक छोटे जर्मन पुस्तक त्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यात प्रशियाच्या घोडदळाची एक विलक्षण आकडेवारी होती. सैन्याच्या १० तुकड्या आणि २० वर्षे, म्हणजे २०० नोंदी. प्रत्येक नोंदीत त्या वर्षी त्या तुकडीतील किती सैनिक घोड्याच्या लाथेने दगावले ती संख्या. एकूण मृत्यू १२२, म्हणजे सरासरी दर नोंदीला ०.६१. पैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नव्हता, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन आणि एका नोंदीत चार.

चार मृत्यू झालेल्या त्या तुकडीच्या सेनापतीला त्या वर्षी काय ऐकून घ्यावे लागले असेल? घोडे माजलेत, शिस्त राहिली नाही, देखरेख नाही. पण बॉर्टकिएविच यांनी एक वेगळी गोष्ट केली. हे मृत्यू सर्व तुकड्यांवर आणि सर्व वर्षांवर निव्वळ योगायोगाने विखुरले असते तर काय दिसले असते, याचा हिशेब त्यांनी केला. त्यासाठीचे सूत्र फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी १८३७ सालीच देऊन ठेवले होते. हिशेबाने आलेल्या संख्या अशा: शून्य मृत्यूच्या १०८.७ नोंदी, एकाच्या ६६.३, दोनाच्या २०.२, तिनाच्या ४.१ आणि चाराच्या ०.६. प्रत्यक्ष आकड्यांशी हे किती जुळते ते वाचकांनीच पाहावे. चार मृत्यूंच्या वर्षात निराळे असे काही घडलेच असले पाहिजे, हा आग्रह धरायला या आकड्यांत आधार नाही. विरळ घटना विखुरताना कोठे तरी गठ्ठ्याने पडणारच.

याचा अर्थ घोड्यांच्या लाथा टाळता येत नाहीत असा नव्हे. तबेल्याची रचना बदला, घोड्यामागून जाण्याची वाट बंद करा, सरासरी खाली येईल. मात्र ती सर्वच तुकड्यांत खाली येईल. एका तुकडीच्या सेनापतीला बदलल्याने ती येणार नाही. हा भेद एकदा मनात पक्का झाला की पुढचे सोपे जाते.

पण थोडे थांबू. माणसामाणसांत फरक असतो हे आपण वर्गात रोज पाहतो. काही माणसे खरोखरच अधिक चुका करत नसतील काय? हा प्रश्न पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये गंभीरपणे विचारला गेला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने काम करू लागल्या होत्या आणि लहानमोठे अपघात सतत होत होते. मेजर ग्रीनवुड आणि जॉर्ज उड्नी यूल यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात अशा ६४७ स्त्रियांची पाच आठवड्यांची नोंद दिली आहे. (‘मेजर’ हे ग्रीनवुड यांचे नावच होते, लष्करी हुद्दा नव्हे.) ४४७ जणींना एकही अपघात झाला नाही, १३२ जणींना एक, ४२ जणींना दोन, २१ जणींना तीन, तिघींना चार आणि दोघींना पाच. निव्वळ योगायोग असता तर शून्य अपघातांच्या स्त्रिया ४०६ असायला हव्या होत्या आणि तीन अपघातांच्या सुमारे ७. प्रत्यक्षात २१ निघाल्या. म्हणजे येथे प्वासाँ यांचे सूत्र जुळले नाही. अपघाताची शक्यता सर्वांना सारखी नव्हती असा निष्कर्ष त्या दोघांनी काढला, आणि तो योग्यच होता.

गडबड पुढे झाली. ‘अपघातप्रवण माणूस’ ही कल्पना लोकांना इतकी आवडली, की अशी माणसे हुडकून बाजूला काढली की अपघात संपतील असे कित्येक वर्षे मानले गेले. शक्यता सारखी नाही एवढे आकड्यांवरून कळते. ती का सारखी नाही हे कळत नाही. एकीचे यंत्र अधिक धोक्याचे असेल, एकीच्या जागी उजेड कमी असेल, एकीला घाईचे काम अधिक मिळत असेल. शिवाय त्या पाच आठवड्यांत ज्या २१ जणींना तीनतीन अपघात झाले, त्यांतल्या काही जणी केवळ नशिबाच्या फेऱ्यात सापडलेल्या असणारच. कारण योगायोगानेही ७ जणी अपेक्षित होत्या. ती सातजणी नेमकी कोणती, हे यादीवरून सांगता येत नाही. आमच्या मते संख्याशास्त्राचा उपयोग करताना याच जागी सर्वांत जास्त घसरायला होते. समूहाबद्दल खरे असलेले विधान नकळत एका व्यक्तीच्या माथी मारले जाते.

या गोंधळातून व्यवहारी वाट काढली ती वॉल्टर शूहार्ट यांनी. ते मूळचे भौतिकीचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथून १९१७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि मग टेलिफोनची उपकरणे बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या तपासणी विभागात नोकरी धरली. कारखान्यात असे होई, की एखाद्या दिवशी सदोष माल जास्त निघाला की यंत्राचे स्क्रू फिरवायचे, दुसऱ्या दिवशी कमी निघाला की उलटे फिरवायचे. या फिरवाफिरवीने मालातला फरक कमी होण्याऐवजी वाढत असे. १६ मे १९२४ रोजी शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण पाठवले. त्यात एक आकृती होती: मध्ये सरासरीची रेषा, वर आणि खाली एकेक मर्यादारेषा आणि रोजच्या सदोष मालाचे बिंदू. हाच पहिला नियंत्रण आलेख.

त्यामागचा विचार असा. कोणत्याही कामात रोज थोडा चढउतार होतोच. त्याची कारणे असंख्य, बारीकसारीक आणि त्या कामाच्या रचनेतच मुरलेली असतात. त्यांना सामाईक कारणे म्हणू. कधी मात्र बाहेरून काही निराळे येते: नवा कच्चा माल, मोडलेले पाते, न शिकवता कामावर बसवलेला माणूस. ही विशेष कारणे. बिंदू मर्यादारेषांच्या आत हेलकावत असेल तर त्या एका दिवसाचा खुलासा मागू नका. काही सुधारायचे असेल तर सबंध रचना सुधारा. बिंदू रेषेबाहेर गेला तर मात्र त्याच दिवशी, त्याच जागी जाऊन शोध घ्या. मर्यादारेषा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर काढायच्या हा शूहार्ट यांचा संकेत. तो त्यांनी कोणत्याही गणिती सिद्धान्तातून काढलेला नाही; अनुभवाला उपयोगी पडतो म्हणून ठरवलेला आहे. चकत्यांवर आकडे लिहून, त्या वाडग्यात टाकून, हजारो वेळा उचलून त्यांनी योगायोगाची चाल स्वतः अभ्यासली होती.

हे शूहार्ट १९४७-४८ साली भारतात आले होते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या वतीने त्यांना बोलावले होते आणि त्यांनी तीनएक महिने आपल्याकडच्या कारखान्यांत व उद्योगपतींत फिरून हा विचार मांडला. संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणाची चळवळ भारतात त्यानंतर मूळ धरू लागली. महालनोबीसही मूळचे भौतिकीचेच, हा योगायोग आम्हांला गमतीचा वाटतो.

आता शूहार्ट यांचा आलेख घेऊन औषधाच्या दुकानात जाऊ. दिवसाला २५० चिठ्ठ्या आणि चुकीचे प्रमाण ७७ भागिले ४,४८१, म्हणजे ०.०१७२. रोजच्या चुकांची सरासरी ४.३. प्रमाण विचलन २५० × ०.०१७२ × ०.९८२८ याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.०६. त्याची तिप्पट ६.२. म्हणून वरची मर्यादा १०.५, खालची मर्यादा ऋण येते, म्हणून ती शून्य धरायची. दुकानाच्या कामाची पद्धत आहे तीच राहिली तर एखाद्या दिवशी एकही चूक होणार नाही आणि एखाद्या दिवशी दहाही होतील. दोन्ही दिवशी दुकान तेच, माणसेही तीच.

समजा, त्या दुकानाचा मालक कडक आहे. आठ किंवा अधिक चुका झालेल्या दिवशी तो सर्वांना फैलावर घेतो. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर हिशेबाने असे सुमारे २१ दिवस येतील. बोलणी खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी चुका बहुधा कमी होतील. कारण आठच्या वरच्या दिवसानंतर येणारा दिवस साधारणपणे सरासरीजवळचाच असतो. मालकाची खात्री पटेल की बोलण्याचा उपयोग होतो. उलट, एकही चूक नसलेले दिवस वर्षात चारएक येतील. त्या दिवशी त्याने शाबासकी दिली, तर दुसऱ्या दिवशी चुका जवळजवळ निश्चितच वाढलेल्या दिसतील. शाबासकीने माणसे शेफारतात असा धडा तो शिकेल! हे दोन्ही धडे अगदी प्रामाणिक निरीक्षणावर आधारलेले आणि दोन्ही चुकीचे. शिक्षकांना हे वाचून चाचणी परीक्षांचे गुण आठवले तर आमची हरकत नाही.

आता त्या ५० दुकानांकडे पाहू. सरासरीने दर दुकानात सुमारे ९० चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. सर्व दुकाने अगदी सारखी असती, तरीही ५० पैकी सुमारे १० दुकानांत त्या दिवशी एकही चूक सापडली नसती. म्हणून शंभर टक्के अचूक निघालेल्या दुकानाच्या भिंतीवर प्रशस्तिपत्र लावण्याची घाई करू नये. मात्र पाहणीतील सर्वांत मागे पडलेल्या दुकानाची अचूकता ८७.२ टक्के होती, म्हणजे चुकांचे प्रमाण १२.८ टक्के. नव्वद चिठ्ठ्यांसाठी वरची मर्यादा ५.८ टक्के येते. चिठ्ठ्या याच्या निम्म्या धरल्या तरी ती साडेसात टक्क्यांपर्यंतच जाते. हे दुकान रेषेच्या स्पष्टच बाहेर आहे. तेथे जाऊन विचारपूस केलीच पाहिजे: माणसे किती, चिठ्ठ्या किती, कोणी शिकवले, उजेड कसा आहे. संख्याशास्त्र सर्वांना सरसकट माफी देते असा समज होऊ नये, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

शूहार्ट यांचा विचार जगभर नेला तो विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांनी. हेही भौतिकीचे डॉक्टर. १९५० साली जपानी उद्योगांच्या प्रमुखांना त्यांनी दिलेली व्याख्याने प्रसिद्धच आहेत. त्यांचा लाल मण्यांचा प्रयोग मात्र कोणत्याही शाळेत करता येईल. डेमिंग एका खोक्यात ३,२०० पांढरे आणि ८०० लाल मणी ठेवत. श्रोत्यांतून सहा ‘कामगार’ बोलावत. प्रत्येकाने ५० खळग्यांची फळी खोक्यात बुडवून वर काढायची. पांढरे मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे सदोष. लाल मणी नकोत अशी सक्त ताकीद. कमी लाल आणणाऱ्याला बढती, जास्त आणणाऱ्याला कानउघाडणी, शेवटी तिघांना नारळ. सरासरी अर्थात दहाच्या आसपासच राहते आणि मर्यादा साधारण २ ते १८ अशा येतात. कामगाराने कितीही जीव तोडून काम केले तरी खोक्यात पाचातला एक मणी लाल आहे, त्याला तो काय करणार!

वर्गात यासाठी पांढरी आणि लाल चवळी पुरे. आठशे पांढरे आणि दोनशे लाल दाणे डब्यात नीट कालवून, डोळे मिटून पन्नास दाणे काढायचे, लाल मोजायचे, पुन्हा डब्यात टाकायचे. सहा विद्यार्थी, प्रत्येकी चार ‘दिवस’, असे चोवीस बिंदू फळ्यावर मांडावेत. मग ‘सर्वांत हुशार कामगार कोण?’ असे विचारावे. मुले हिरिरीने नाव सांगतात आणि कारणेही देतात. ती कारणे ऐकण्यासारखी असतात.

परंतु मणी आणि चुका यांत एक मोठा फरक आहे. लाल मणी लपत नाही. चूक लपते.

वर ज्यांचा उल्लेख आला ते केनेथ बार्कर १९६० च्या सुमारास रुग्णालयांतील औषधांच्या चुका मोजू लागले. तोवरची रीत अशी, की ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती नोंदवहीत लिहायची. बार्कर आणि मॅककॉनेल यांनी १९६२ साली दाखवून दिले, की प्रत्यक्ष पाहून सापडणाऱ्या चुका नोंदवहीतल्या चुकांच्या कितीतरी पट असतात. चाळीस वर्षांनंतर, २००२ साली, फ्लिन, बार्कर व सहकाऱ्यांनी ३६ आरोग्यसंस्थांमध्ये सुमारे अडीच हजार मात्रांवर तीन पद्धती शेजारीशेजारी लावून पाहिल्या. पडताळून ठरवलेल्या ४५७ चुकांपैकी प्रत्यक्ष निरीक्षणात ३०० सापडल्या. रुग्णांचे कागद तपासून १७ सापडल्या. आणि नोंदवहीत? एक.

बहुतेक चुका करणाऱ्याच्या लक्षातच येत नाहीत, हे याचे पहिले कारण. दुसरे कारण भीती. इंग्लंडमधील एका खटल्यावरून हे कळेल. २००७ साली बदली म्हणून काम करणाऱ्या एका औषधनिर्मात्या स्त्रीच्या हातून प्रेडनिसोलोनऐवजी प्रोप्रॅनोलोलच्या गोळ्या दिल्या गेल्या. १९६८ च्या औषध कायद्याखाली तो फौजदारी गुन्हा होता. २००९ साली तिला तीन महिन्यांची, स्थगित ठेवलेली, कैदेची शिक्षा झाली. २०१० साली अपील न्यायालयाने ती काढून ३०० पौंड दंड केला. हा निकाल वाचून इंग्लंडमधील हजारो औषधनिर्माते काय शिकले असतील? चूक करू नये हे त्यांना आधीच माहीत होते. चूक लिहून देऊ नये हे नवे कळले. अखेर २०१८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, व्यवसायाचे नियम पाळून काम करणाऱ्याला अनवधानाने झालेल्या चुकीसाठी बचाव मिळाला. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर हा प्रश्न सोपा नाही, हे आम्ही जाणतो. चुकीच्या गोळ्या ज्याच्या घरात गेल्या त्याला प्रमाण विचलन समजावून सांगता येत नाही. पण शिक्षेने नोंदवहीतले आकडे उतरतात आणि चुका तेवढ्याच राहतात. मग त्या शोधण्याचा मार्गही बंद होतो.

रचनेत मुरलेली कारणे म्हणजे नेमके काय? सर्वांत गाजलेले उदाहरण नावांचे. १९८९ साली अमेरिकेत ओमेप्राझोल हे पोटातील आम्ल कमी करणारे औषध ‘लोसेक’ या नावाने विक्रीस आले. ‘लॅसिक्स’ नावाचे लघवी वाढवणारे औषध आधीपासून होते. दोन्ही नावे इंग्रजीत पाच अक्षरी, दोन्हींची सुरुवात एकाच अक्षराने, दोन्हींची २० मिलिग्रॅमची मात्रा प्रचलित. घाईने लिहिलेल्या चिठ्ठीत दोन्ही सारखीच दिसत. चुका होऊ लागल्या आणि १९९० साली लोसेकचे नाव बदलून ‘प्रायलोसेक’ करावे लागले. अमेरिकेतील एकाही औषधविक्रेत्याला अधिक दक्ष न करता एक कारण नाहीसे झाले. (पुढे प्रायलोसेकचा घोटाळा ‘प्रोझॅक’शी होऊ लागला ही गोष्ट वेगळी. एक दार बंद केले की दुसऱ्यावर लक्ष ठेवावेच लागते.)

आपल्याकडे असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हिवतापाच्या गंभीर प्रकारावर दिली जाणारी ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ ही दोन औषधे. पहिल्यात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्वीन. भांडण दोन कंपन्यांतले व्यापारी नावाचे होते, पण २००१ च्या निकालात न्यायालयाने मुद्दा रुग्णाचा केला. साबणाच्या नावात घोटाळा झाला तर गैरसोय होते, औषधाच्या नावात झाला तर जीव जाऊ शकतो. म्हणून औषधांच्या नावांतील साम्य अधिक कडकपणे तपासावे, आणि आपल्या देशात भाषा अनेक व निरक्षरता मोठी हेही ध्यानात घ्यावे, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे २०१६ साली भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांनी औषधे मूळ रासायनिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत असा नियम केला. वाचकांनी आपल्या घरातील अलीकडच्या चिठ्ठ्या काढून तो किती पाळला जातो हे जरूर पाहावे. आपल्या दुकानांत आणखी एक रीत आहे. चारच गोळ्या हव्या म्हणून पट्टी कात्रीने कापली जाते, आणि औषधाचे नाव किंवा मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते. घरी पोचलेल्या गोळ्या मग रंगावरून ओळखायच्या.

उपाय सुचवणे सोपे. तो लागू पडला की नाही हे पुन्हा मोजावेच लागते. सारख्या दिसणाऱ्या नावांतला वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापावा, म्हणजे हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन यांतला फरक डोळ्यांत भरेल, अशी योजना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ पासून राबवली. कल्पना ऐकताच पटते. २०१६ साली मात्र ४२ बालरुग्णालयांतील २००४ ते २०१२ या वर्षांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या मोठ्या अक्षरांमुळे घोटाळे कमी झाल्याचे दिसले नाही. पटणे आणि लागू पडणे या दोन गोष्टी आहेत, आणि आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही हे वारंवार शिकावे लागते.

दुसरा उपाय रेघांच्या खुणांचा. पाकिटावर छापलेली रेघांची खूण यंत्राने वाचायची आणि ती संगणकातील चिठ्ठीशी जुळली तरच औषध पुढे जाऊ द्यायचे. बॉस्टनमधील ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयाच्या औषधालयात ही पद्धत बसवण्यापूर्वी १,१५,१६४ आणि बसवल्यानंतर २,५३,९८४ मात्रा तपासल्या गेल्या. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पद्धत तीन तऱ्हांनी वापरली जात होती. त्यांतल्या दोन तऱ्हांत प्रत्येक मात्रेची खूण वाचणे सक्तीचे होते. तेथे ज्या प्रकारच्या चुका पद्धतीने अडाव्यात अशी अपेक्षा होती, त्या ९३ ते ९६ टक्क्यांनी घटल्या. तिसऱ्या तऱ्हेत प्रत्येक मात्रेची खूण वाचण्याची सक्ती नव्हती. तेथेही चुका ६० टक्क्यांनी घटल्या. पण ज्यांनी रुग्णाला अपाय होऊ शकला असता अशा चुका मात्र तेथे पूर्वीच्या २.४ पट झाल्या. एकूण चुकांची बेरीज करून कोणी अहवाल लिहिला असता, तर तिन्ही तऱ्हा यशस्वी ठरल्या असत्या.